वाढीचा रकाना

दहा वर्षांनंतर पनवेलला किती वीज लागेल, हे कागदावर मांडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हे काम दोन दिवसांचं आहे असं मला सांगितलं होतं. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून एक्सेलची फाइल आली. डावीकडे आमच्या विभागातल्या सगळ्या वीजवाहिन्यांची यादी, पुढे चालू वर्षाचा वापर, त्याच्यापुढे वाढीचा दर आणि मग पुढची दहा वर्षं. मी फक्त चालू वापर भरायचा होता. वाढीचा रकाना आधीच भरलेला होता आणि त्याला कुलूप होतं. पासवर्ड माझ्याकडे नव्हता.

मी मुंबईला फोन लावला. "हे वाढीचे दर कोणी ठरवले?"

"वरून आलेत," पलीकडचा म्हणाला.

"वरून म्हणजे कुठून?"

"मॅडम, तुम्ही भरून पाठवा ना."

मी भरून पाठवलं नाही. तेव्हा मला वीज कंपनीत अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक पनवेलच्या आसपास, उन्हात, खांबांखाली गेली होती. कुठली वाहिनी कधी कण्हते हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुलूप लावलेल्या रकान्यातले आकडे मी वाचले आणि मला हसू आलं. मग रागही आला. नव्या वसाहतींच्या टॉवरांपुढे भरमसाट वाढ दाखवली होती. करंजाच्या बंदराकडे जाणाऱ्या वाहिनीपुढे नावापुरती. आणि कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीपुढे शून्य.

हा आराखडा कशासाठी असतो, ते सांगायला हवं. वीज कंपनीला पुढच्या काही वर्षांत किती वीज लागेल आणि ती कुठून आणणार, हे नियामक आयोगापुढे मांडावं लागतं. आयोगाने मान्यता दिली की कंपनी वीज प्रकल्पांशी पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार करते. अंदाज जास्त निघाला, तर न वापरलेल्या विजेचा खर्च वर्षानुवर्षं सगळ्यांच्या बिलात बसतो. अंदाज कमी निघाला, तर अंधार. म्हणून तो रकाना महत्त्वाचा. आणि म्हणूनच तो कुलपात होता.

आमच्या सेक्शनला एक लाइनमन होते. निवृत्तीला आलेले, उरणकडच्या आगरी गावातले. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांना फाइल दाखवली तर त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, ह्या टॉवरात रात कोन काढतो? आमी मीटर बगतो ना. अर्ध्या घरांना कुलपं हायेत."

"सिद्ध कसं करायचं, काका?"

"चला, दावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही पहिल्या टॉवरच्या तळघरात, मीटरच्या खोलीत उभे होतो. भिंतभर मीटर, ओळीने, प्रत्येकावर घराचा नंबर. प्रत्येक मीटरवर एक बारीकसा लाल दिवा असतो. घरात वीज चालू असली की तो लुकलुकतो. नुसता फ्रीज चालू असला तरी लुकलुकतो. सकाळची वेळ, गीझर, मिक्सर, इस्त्री. त्या भिंतीवर पळापळ दिसायला हवी होती.

काही ओळी लुकलुकत होत्या. बाकीच्या गप्प होत्या.

काका बोट ठेवत एकेक मीटर बघत गेले, मी वहीत लिहीत गेले. रखवालदार आमच्याकडे संशयाने बघत होता. त्याने विचारलं, "कुछ गडबड है क्या?" मी म्हटलं, "गडबड काही नाही. लोकच नाहीत." तो हसला. "साहब लोग तो दिवाली में आते हैं, घर देख के जाते हैं."

तीन आठवडे आम्ही हेच केलं. रोजच्या कामाआधी, नाश्त्याच्या वेळेला एखादी इमारत. बिल्डरने अर्ज करताना मागितलेला लोड एकीकडे, प्रत्यक्ष लुकलुकणारे दिवे दुसरीकडे. गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं होती ती. भिंतींना रंग होता, खिडक्यांना काचा होत्या, आणि त्यांच्या नावाने कुठेतरी पंचवीस वर्षांची वीज विकत घेतली जाणार होती.

मला कोणी हे करायला सांगितलं नव्हतं. कोणी करू नको असंही सांगितलं नव्हतं, एवढ्यावर मी पुढे गेले.

मग करंजा. बंदरावर एक बर्फाचा कारखाना होता. मालक कोकणी मुसलमान, साठीच्या आतबाहेरचे, आखातात आयुष्याची उमेदीची वर्षं काढून परत आलेले. मी गेले तेव्हा कारखान्याची यंत्रं बंद होती आणि मागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता. बाहेर होड्या लागल्या होत्या, लिलाव चालू होता, आणि कोळणी पाट्या घेऊन बर्फासाठी ताटकळत होत्या.

"लाइट आहे की," मी म्हटलं. "मग जनरेटर?"

"लाइट आहे मॅडम, जोर कुठाय? मोटर उचलत नाही. जळाली दोनदा." त्यांनी ऑफिसच्या कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात लोड वाढवून मिळावा म्हणून केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या होत्या. एक, दोन, तीन. "मी कुवेतला चौदा वर्षं होतो. वाळवंट आहे ते. तिथं पाहिजे तेवढा बर्फ मिळायचा. इथं समुद्र माझ्या दाराशी, मासळी माझ्या दाराशी, आणि बर्फ नाही. आता तुम्हीच सांगा, खुदाने काय कमी केलं होतं?"

मी पावत्या चाळल्या. त्या अर्जांपैकी एक माझ्याच टेबलावरून पुढे गेला होता. 'वाहिनीची क्षमता नाही' असा शेरा मारून. सही माझी होती. ते मी त्यांना सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पावतीकडे. "सच बोललात," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

परतताना मला ते नीट उमगलं. वाहिनी अपुरी म्हणून अर्ज नाकारला. अर्ज नाकारला म्हणून वापर वाढला नाही. वापर वाढला नाही म्हणून आराखड्यात वाढ नाही, आणि आराखड्यात वाढ नाही म्हणून वाहिनी कायमची अपुरी. या साखळीतली एक कडी मी स्वतः होते. तोपर्यंत माझा राग मुंबईवर होता. त्या दिवसापासून तो घराजवळ आला आणि त्यामुळेच बहुधा टिकला.

शेवटी वाडी. कर्नाळ्याच्या जंगलाच्या कडेला कातकऱ्यांची पंधरा-वीस घरं. खांब होते, तारा होत्या, ट्रान्सफॉर्मरची डीपी जळालेली होती. किती दिवसांपासून, ते कुणाला नेमकं आठवत नव्हतं. ही माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याआधी परततात. मीटर वाचणारा येतो तेव्हा घरं बंद. म्हणून वापर शून्य, वाढही शून्य. आणि शून्याला तुम्ही कितीही टक्क्यांनी वाढवा, दहा वर्षांनीही ते शून्यच राहतं. संगणकाची यात काही चूक नव्हती.

भट्ट्या अजून सुरू झाल्या नव्हत्या, म्हणून तिथे एक बाई भेटली. तिशीची असेल. अंगणात बसून पोरीची वेणी घालत होती. मी तिला विचारलं, "इथे वीज नीट आली, तर दहा वर्षांत तुम्हाला कशाकशासाठी लागेल?"

तिने आधी काकांकडे बघितलं, मी थट्टा करते आहे की काय म्हणून.

"खरंच इचारतात," काका म्हणाले. "सांग."

"पंखा," ती म्हणाली. "बत्ती. पोरीला अभ्यासाला. मोबाइल चारज करायला. दळन खाली न्यावं लागतं, ती चक्की हितं वर झाली तर बरं." ती थांबली.

"फ्रीज?" मी वहीतून मान वर न करता विचारलं. खरं सांगायचं तर तो रकाना रिकामाच राहणार असं धरून मी विचारलं होतं.

तिने वेणीवरचा हात थांबवला. "का नको? तुमच्या घरात हाय ना?"

मी लिहिलं, फ्रीज.

मी दुसरी फाइल तयार केली. कुलूप नसलेली. टॉवरांची वाढ कापली, बंदराची वाढवली, वाडीपुढे एक छोटा पण खरा आकडा लिहिला. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहिलं. कुठली इमारत, कुठला दिवस, सोबत कोण होतं. दोन्ही फाइली एकत्र मुंबईला पाठवल्या.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

नियोजन विभागाचे मुख्य अभियंता, आमचे साहेब, वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाचा तसा समज होईल. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि माझी फाइल स्क्रीनवर उघडली.

"मेहनत घेतलीत," ते म्हणाले. "पण तुम्हाला आकडे मागितले होते. मत नाही."

"साहेब, आकडेच दिलेत. मोजून."

"एक करार शेवटच्या टप्प्यात आहे. त्याला आधार म्हणून हा आराखडा जातोय. सगळ्या विभागांचे आकडे त्या हिशोबाने आलेत. एकट्या पनवेलचे उलटे कसे दाखवू?"

"म्हणजे आधी करार आणि मग गरज?"

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही भारनियमन बघितलंय का? मी बघितलंय. रोजचे आठ-आठ तास. लोकांनी माझ्या ऑफिसच्या काचा फोडल्या होत्या. तेव्हापासून मी ठरवलंय, जास्त चालेल, कमी नको. जास्त वीज घेतली म्हणून आजवर कुणी दगड मारलेला नाही."

हे खोटं नव्हतं. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी उपकेंद्राच्या फाटकाशी जमावासमोर उभी राहिले होते. पण मी म्हटलं, "साहेब, वाडीवरचे लोक दगड मारायला इथपर्यंत येत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे शून्य लिहायचं का? त्यांचं भारनियमन अजून संपलेलंच नाही. आणि जी वीज जास्त घेणार ती त्यांना मिळणारच नाही, बंद घरांच्या नावाने घेतलेली असेल."

त्यांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी मूळ फाइलची छापील प्रत माझ्यापुढे सरकवली. खाली 'पडताळणी केली' असं छापलेलं, त्याखाली माझं पद आणि सहीची जागा.

"सही करा. पुढच्या वर्षी सुधारणा करू. मी शब्द देतो."

मी पेन घेतलं. 'मी प्रत्यक्ष पडताळणी केली असून वरील आकडे जागेवरील स्थितीशी जुळत नाहीत. माझं टिपण सोबत जोडलं आहे,' असं लिहिलं आणि त्या वाक्याखाली सही केली. हात स्थिर होता, याचा मला आजही अभिमान आहे.

"हे मला चालणार नाही," साहेब म्हणाले.

"मला ते चालणार नव्हतं," मी म्हटलं आणि उठले.

आराखडा दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने आयोगाकडे गेला. वर्तमानपत्रात नोटीस आली. जाहीर सुनावणी, ग्राहकांनी हरकती व सूचना पाठवाव्यात. ती नोटीस बारीक अक्षरात असते आणि सहसा ती कोणी वाचत नाही. मी वाचली. मग माझं स्वतःचं वीजबिल काढून बघितलं. पनवेलचं घर माझ्या नावावर होतं, बिल माझ्या नावावर येत होतं. ग्राहक क्रमांक माझा होता. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, कारण लिहिलं 'वैयक्तिक काम', आणि ग्राहक म्हणून हरकत पाठवली.

ऑफिसमधल्या मैत्रिणी घाबरल्या. एकीने हात धरून सांगितलं, "अगं, नोकरी जाईल. तुझं काय अडलंय?" आईने फोनवर एवढंच विचारलं, "तू खोटं तर बोलणार नाहीस ना?" मी नाही म्हटलं. "मग जा," ती म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात मी एकटी असेन असं मला वाटत होतं. अकराच्या सुमाराला मागचं दार उघडलं आणि बर्फवाले मालक आत आले, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात तीच प्लास्टिकची पिशवी. त्यांच्यामागे काका. आणि काकांच्या मागे वाडीवरची ती बाई, सोबत आणखी दोघी. काकांनी सगळ्यांना कळवलं होतं आणि मालकांनी आपल्या टेम्पोतून आणलं होतं. पुढच्या रांगेत बसलेल्या साहेबांनी मागे वळून बघितलं. आधी मला, मग त्यांना.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. आयोगाच्या अध्यक्षांनी कागद बघत विचारलं, "तुम्ही याच कंपनीत नोकरीला आहात, असं दिसतं."

"हो. आज रजेवर आहे. मी ग्राहक म्हणून बोलणार आहे. ऑफिसातला एकही कागद मी आणलेला नाही."

"बोला."

मी भाषण तयार केलं होतं, ते घडी घालून ठेवलं. मी म्हटलं, "मी राहते त्या इमारतीत माझ्या मजल्यावर चार घरं आहेत. तीन बंद आहेत. ही गोष्ट माझ्या इमारतीतल्या कुणालाही माहीत आहे. माझा प्रश्न एकच आहे. दहा वर्षांचा हा अंदाज जागेवर जाऊन कोणी तपासला का? तपासला असेल तर तो तपास लोकांपुढे ठेवावा. नसेल तर पंचवीस वर्षांचं ओझं आमच्या बिलावर ठेवू नये."

मी खाली बसले. मालकांनी आपल्या तीन पावत्या दाखवल्या आणि कमीत कमी शब्दांत बोलले. मग ती बाई उठली. तिला माइक कसा धरायचा कळेना, काकांनी तो धरला.

"आमच्या वाडीचा आकडा शून्य लिवलाय म्हनतात," ती म्हणाली. "आमी शून्य नाय. आमी भट्टीवर जातो, तुमच्या टॉवरच्या इटा आमीच पाडतो. पावसात घरी असतो. एकदा पावसात येऊन मोजा."

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी हात वर करून थांबवलं आणि साहेबांकडे वळले. "कंपनीने या भागात प्रत्यक्ष पडताळणी केली होती का?"

साहेब उभे राहिले. शेजारी कंपनीचे वकील होते, मागे दोन सहायक होते. वकिलांनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. साहेबांनी समोरची फाइल उघडली, मिटली. मला वाटलं, आता ते म्हणतील, सर्व विभागांकडून माहिती घेतली आहे. तसं म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं आणि सुनावणी पुढे सरकली असती.

"पनवेल विभागाकडून एक टिपण आलं होतं," ते म्हणाले. "प्रत्यक्ष पाहणीचं. ते आराखड्याला जोडलेलं नाही."

वकिलांनी कपाळावर हात ठेवला.

"का जोडलं नाही?"

"ती माझी चूक आहे," साहेब म्हणाले.

ते टिपण आठ दिवसांत सादर करा, आणि या भागाचा अंदाज जागेवर पडताळून पुन्हा मांडा, तोपर्यंत कराराचा निर्णय नाही, असा आदेश निघाला. पुढे करार झाला. पण आधी ठरला होता त्याहून लहान. बंदराकडच्या वाहिनीचं काम मंजूर झालं. वाडीला पावसाच्या तोंडावर नवी डीपी मिळाली. मी मागितली होती त्याहून कमी क्षमतेची, आणि त्याबद्दल मी आणखी एक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी स्मरणपत्रं पाठवते.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'वरिष्ठांना न कळवता सार्वजनिक व्यासपीठावर कंपनीच्या हिताविरुद्ध वक्तव्य.' मी एका पानात उत्तर दिलं. ग्राहकाचं हित आणि कंपनीचं हित एकमेकांविरुद्ध आहे, असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते लेखी द्यावं, मग मी खुलासा करीन. लेखी कुणी दिलं नाही. बदली मात्र दिली. साहेबांनाही नियोजनातून हलवलं. जाण्याआधी त्यांनी मला फोन केला होता. "तुमच्यावर रागावलो होतो," ते म्हणाले. "आता नाही. पण काचा फुटल्या त्याही मी विसरलेलो नाही." मी म्हटलं, "विसरू नका, साहेब. मीही विसरणार नाही."

नवं ठिकाण घाटावर, तालुक्याच्या गावी, भांडार विभागात. वायरची रिळं, खांब, नट-बोल्ट यांची नोंद ठेवायची. माणसाला गप्प बसवायची जागा म्हणून ती चांगली निवडली होती. पहिले काही महिने मी तिथला साठा लावला, गंजलेला माल वेगळा काढला, आणि कुणाशी फार बोलले नाही. तिथल्या अधीक्षक अभियंत्यांना माझ्याबद्दल कळलेलं होतं. ते माझ्याशी नेहमी उभ्या उभ्याच बोलत.

मग त्या वर्षीचा आराखडा आला. शेजारच्या टेबलावरच्या तरुण अभियंत्याकडे फाइल उघडलेली मी पाहिली. तो आकडे खाली खाली ओढत चालला होता. मी अधीक्षकांच्या खोलीत गेले.

"सर, नियोजनाची ती फाइल मला द्या."

ते दचकले. "तुमचं काम भांडाराचं आहे."

"ते सगळं झालंय. तुम्ही येऊन तपासा. उरलेल्या वेळात मी ही करते."

"आणि तुम्ही काय करणार त्याचं?"

"जाऊन बघणार," मी म्हटलं. "या तालुक्यात उसाची गुऱ्हाळं आहेत, पाणीपुरवठ्याचे पंप आहेत, नवं कॉलेज आहे. कुठे किती लागतं ते मला माहीत नाही. ज्यांनी हे भरून पाठवलंय त्यांनाही माहीत नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना नाही म्हणायचं होतं हे मला दिसत होतं. मी खुर्ची ओढली आणि बसले. या खोलीत मी पहिल्यांदाच बसले होते. ते हो म्हणेपर्यंत उठायचं नाही, असं मी ठरवलं होतं.